पाक गुरूंच्या पुढे कोण जाणार

मला राग आला की मी हसतो. यात माझं काही वैशिष्ट्य नाही, जावा बेटावर वाढलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. आमच्याकडे चारचौघांत आवाज चढवणं म्हणजे भर रस्त्यात लुंगी सुटण्यासारखं आहे. लोक बघत नाहीत, कारण बघितलं तर त्या माणसाला आणखी लाज वाटेल. तर मी हसतो, आणि आमच्या गल्लीत माझी ख्याती हसतमुख विदाग्दो अशी आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे, आमच्या घराला लागून लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याचं दुकान आहे, आणि मी गेली कित्येक वर्षं आतल्या आत उकळतो आहे, हे फक्त माझी बायको उमियाती ओळखून आहे. माझे किती दात दिसतात त्यावरून तिला पारा किती चढलाय ते कळतं.

त्या ऑगस्टमध्ये माझ्या दाढासुद्धा दिसल्या. कारण काय, तर सायकल.

सायकल माझी नव्हे, वडिलांची. काळी, उंच, लोखंडी, जुन्या डच घडणीची ओंथेल. तिला उचलायला दोन माणसं लागतात आणि गंजायला दोन पिढ्या. वडील शाळामास्तर होते. शाळा शहराच्या पूर्वेच्या टोकाला आणि आमचं घर पश्चिमेच्या, मधे सगळा सरळसोट मोठा रस्ता, कडेला चिंचेची झाडं आणि रस्त्याच्या डांबरातच बसवलेला आगगाडीचा रूळ. नोकरी संपेपर्यंत त्यांनी हा रस्ता त्याच सायकलवरून तुडवला. नंतर रस्त्यावर मोटारसायकलींचा मुंग्यांसारखा लोंढा आला, त्यातल्या एकीने वडिलांना गटारात लोटलं, आणि आम्ही सायकल स्वयंपाकघरामागे टांगून टाकली. वडील कधीच काही मागत नाहीत. जावातले वडील मागत नाहीत, ते हवेत एखादं वाक्य सोडून देतात.

त्या दिवशी जेवताना त्यांनी सोडलं, "येत्या रविवारी मोठा रस्ता बंद ठेवणार म्हणे."

दरवर्षी ऑगस्टमध्ये शहरात कौटुंबिक सायकल-फेरी असते. सकाळी रस्ता गाड्यांना बंद, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका रंगाचे सदरे घालून निघतात. मी म्हटलं, हो, असते खरी. वडिलांनी भातावर थोडी सांबाळची तिखट चटणी घेतली आणि म्हणाले, "शाळेला उशीर झाला की बाजाराच्या पुढे मी असा सुटायचो, की टोपी एका हाताने धरावी लागायची."

बस्स. पण मला कळायचं ते कळलं. महिनाभरापूर्वीच डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून मान हलवली होती आणि पुढच्या वर्षी काठी घ्यावी लागेल असं सांगितलं होतं. वडिलांना त्या रस्त्यावरून एकदा जोरात जायचं होतं, टोपी धरावी लागेल इतक्या जोरात, आणि त्यासाठी एकच सकाळ शिल्लक होती. मी ठरवलं की काहीही झालं तरी त्यांना ती मिळवून द्यायची. इतकी साधी गोष्ट. रस्ता रिकामा, सायकल हजर, म्हातारा तयार. यात अडचण ती काय येणार, असं मला वाटलं. मी मूर्ख आहे.

पहिली चूक म्हणजे सायकल गल्लीत उतरवली. सायकल दिसली आणि गल्ली गोळा झाली. समोरच्या बू तुतिक आल्या आणि म्हणाल्या की या वयात सायकल चालवली की अंगात वारा शिरतो, आणि एकदा शिरलेला वारा निघत नाही. त्यांच्या यजमानांच्या अंगात स्कूटरवरून शिरला होता, तो शेवटपर्यंत राहिला. तेव्हा बापाकना, म्हणजे माझ्या वडिलांना, आत लोकरीचं, वर जाकीट, गळ्याला पंचा आणि छातीला बाम, असं करूनच पाठवायचं. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हातचा आलं-कचोऱ्याचा काढा. तो काढा मी लहानपणापासून चुकवत आलो आहे. मी हसून बाटली घेतली.

सरावाचं तर विचारूच नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे: 'सायकलवरून उतरा.' ओट्यावर वडीलधारं माणूस बसलेलं असेल तर उतरायचं, किंचित वाकायचं, सायकल हातात धरून पुढे जायचं, मग चढायचं. आता गल्लीत माझ्या वडिलांहून मोठं कुणीच उरलेलं नाही, तेव्हा त्यांनी उतरायचं कारण नव्हतं. पण ते मास्तर. त्यांनी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं. ते प्रत्येक ओट्यापाशी उतरले. ते उतरले म्हणून ओट्यावरची माणसं उठली. माणसं उठली म्हणून वडील थांबले. सगळी संध्याकाळ सराव केला, त्यात वडिलांचं बूड सीटला लागलं असेल-नसेल.

मग नावनोंदणी. सत्तरीपुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टर म्हणाला, रस्ता किती लांब ते समितीकडून लिहून आणा. समिती म्हणाली, आधी वॉर्ड कचेरीचा शिक्का आणा. वॉर्ड कचेरीत शिक्का होता, पण शिक्का मारणारे गृहस्थ त्याच सायकल-फेरीच्या आधी जी सामुदायिक कवायत असते तिच्या तालमीला गेले होते. मी मैदानावर गेलो. तिथे ते दोन्ही हात वर करून उड्या मारत होते. माझ्याकडे बघून ते हसले, मी त्यांच्याकडे बघून हसलो. त्यांनाही कुणाचा तरी राग आलेला असणार.

या सगळ्यात गल्लीचे मुख्य पाक कुंचोरो, म्हणजे तुमच्याकडचे कुंचोरोराव, यांना एक कल्पना सुचली. पाक कुंचोरो यांना कल्पना सुचली की मी घाबरतो, कारण मागच्या वेळी त्यांना गल्लीत कारंजं करावंसं वाटलं होतं आणि आमच्याकडे तीन आठवडे पाणी नव्हतं. यंदा त्यांचं म्हणणं पडलं की सजवलेल्या सायकलीला बक्षीस आहे, आणि गल्लीत ओंथेल फक्त आमच्याकडे आहे, तेव्हा तिचा कोंबडा करायचा. पुठ्ठ्याचे पंख, कागदी तुरा, मागे बांबूच्या कामट्यांची शेपटी.

मी म्हटलं, "वडिलांना जरा मोकळेपणी चालवायची होती."

"चालवू देत की," पाक कुंचोरो म्हणाले. "कोंबड्याला काय, पंख आहेतच."

यावर नाही म्हणायचं असतं. पण 'नाही' हा शब्द आमच्या तोंडून निघत नाही, तो घशात अडकतो आणि बाहेर येताना 'बरं' होऊन येतो. मी बरं म्हटलं. बायका चार दिवस आमच्या अंगणात बसून पिसं कापत होत्या, आणि उमियाती त्यांना तेम्पेच्या, सोयाबीनच्या, तळलेल्या वड्या पुरवत होती. ती मला म्हणाली, "अहो मास, तोंड मिटा आता. जबडा दुखेल."

एवढं सोसून मी समितीकडे एकच विनंती घेऊन गेलो, की आम्हाला सगळ्यांत शेवटी ठेवा. माझा हिशेब साधा होता. सगळे पुढे निघून गेले की मागे रस्ता रिकामा, मग वडील आणि त्यांचा वारा. समितीत पाक कुंचोरो बसलेले होतेच. ते इतके दुखावले की त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "पाक विदाग्दो," ते म्हणाले, "तुमचे वडील, सगळ्या शहराचे पाक गुरू, गुरुजी, मागे आणि आपण पुढे? आपल्याला रात्री झोप लागेल का?" मला उत्तम लागली असती. पण वडिलांचं नाव सगळ्यांत पुढच्या मानाच्या रांगेत लिहिलं गेलं, आणि मी बरं म्हटलं.

रविवारी आम्ही उजाडायच्या आत चौकात हजर. वडील आत लोकर, वर जाकीट, त्यावर गल्लीचा पिवळा सदरा, गळ्याला पंचा, डोक्याला त्यांची जुनी काळी टोपी, आणि खाली कोंबडा. बामाचा वास दूरपर्यंत जात होता. समोर सगळा मोठा रस्ता रिकामा, चिंचेच्या झाडांखाली एक पान हलत नव्हतं. वडील त्या रस्त्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी तसा फार वर्षांत पाहिला नव्हता.

पण रस्ता फक्त नऊपर्यंत बंद. आणि आधी कवायत. मग प्रार्थना. मग प्रायोजक शेवयांच्या कंपनीचं गाणं. मग कळलं की झेंडा दाखवणारे पाहुणे यायचे आहेत. पाहुणे म्हणजे नगरपालिकेतले मोठे साहेब, पाक बुदियार्तो. ते आले तेव्हा सूर्य डोक्याशी बोलायला लागला होता. त्यांनी भाषण केलं. सायकलीमुळे वेळ वाचतो हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. मी घड्याळ बघत होतो आणि हसत होतो. शेजारच्या बाईने आपल्या मुलीला सांगितलं, बघ काका किती आनंदात आहेत.

शेवटी झेंडा उचलला, आणि तो खाली येणार एवढ्यात साहेबांना माझे वडील दिसले.

"पाक गुरू!"

साहेब माझ्या वडिलांचे विद्यार्थी निघाले. ते व्यासपीठ उतरून आले, वडिलांचा हात धरून कपाळाला लावला. झालं. साहेबांनी हात कपाळाला लावल्यावर बाकीचे कसे मागे राहणार? या शहरात पन्नाशीपुढचा जो कोणी आहे तो केव्हातरी वडिलांचा मार खाल्लेला आहे. शिक्केवाले गृहस्थ आले, वाहतुकीचे फौजदार आले, दुकानदार आले, शेवयांचा प्रतिनिधी आला. रांग लागली. प्रत्येक जण वाकला आणि प्रत्येकाची वडिलांनी चौकशी केली, कारण तेही त्यांच्या स्वभावात. झेंडा पडला तेव्हा नवाला जेमतेम अर्धा तास उरला होता.

निघालो. सगळ्यांत पुढे वडील, त्यांच्यामागे साहेब, शेजारी मी, आणि मागे हजारो सायकली, तीनचाकी, मागच्या सीटवर बाळं, पुढच्या टोपलीत आज्यांचे डबे. मी म्हटलं, चला, आता तरी.

वडील चालायच्या गतीने निघाले.

मला वाटलं, अंग मोकळं होतंय. पहिला चौक गेला. दुसरा गेला. गती तीच. पुठ्ठ्याचे पंख संथपणे वरखाली होत होते. मागे हजारो माणसं हँडल सरळ ठेवता ठेवता डुलत होती, एकमेकांना लागत होती, 'माफ करा, माफ करा' म्हणत होती, कुणाचे पाय जमिनीवर टेकत होते. घंटी कुणी वाजवली नाही. गुरुजींच्या पाठीशी घंटी कोण वाजवणार? आडव्या गल्ल्यांच्या तोंडाशी दोरीपलीकडे मोटारसायकली नऊ वाजायची वाट बघत धूर सोडत होत्या. मला वाटलं, गुडघे गेले. आपल्याला उशीर झाला, आणि सकाळ हातची गेली. मी सायकल वडिलांच्या बाजूला घेतली.

"बापाक, गुडघे दुखताहेत का?"

"छे."

"मग जोरात घ्या ना."

"घेणार आहे," वडील हळूच म्हणाले. "मागच्या लोकांना आधी जाऊ दे. मी त्यांना वाट देतोय. एवढी माणसं मागे ठेवून आपण सुसाट सुटणं बरं दिसत नाही."

मी मागे साहेबांकडे गेलो. साहेब घामाने थबथबले होते, कारण सायकल एवढी हळू चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. मी हसून म्हटलं, साहेब, आपण व्हा पुढे, वडील वाट देताहेत. साहेब म्हणाले, "काय बोलता, पाक विदाग्दो. मी पाक गुरूंच्या पुढे जाऊ? आणि तेही एवढ्या माणसांदेखत?" मी वडिलांकडे गेलो. सांगितलं, ते जाणार नाहीत, तुम्हीच जा. वडील म्हणाले, ते मोठे साहेब आहेत, त्यांचा मान आधी, आणि आणखी हळू झाले. साहेबांनी ते पाहिलं आणि तेही आणखी हळू झाले. मागे एक आजी तीनचाकीवरून उतरून पायी चालायला लागली आणि आमच्या बरोबरीने आली. मग तिच्या लक्षात आलं की आपण पुढे जातोय, म्हणून बिचारी थांबली.

पुढे रस्ता पार रिकामा. मागे सगळं शहर. आणि दोन्ही बाजूंनी सभ्यता. घड्याळात नवाला पाच कमी. बाजार समोर दिसत होता, जिथे टोपी धरायची असते. माझ्या जबड्यात चमक आली. हसू आता आणखी रुंद होण्यासारखं राहिलं नव्हतं. मी पुन्हा साहेबांकडे वळायला हँडल फिरवलं आणि माझं पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही.

मी रुळावर पालथा पडलेला, कोपर सोललेलं, आणि हजारो माणसं माझ्याकडे न बघता, मला लाज वाटू नये म्हणून आकाशाकडे बघत, थांबलेली. त्या आकाशाकडे बघणाऱ्या तोंडांनी माझा घात केला. पाटबंधारे खातं, लाउडस्पीकरवाला, कारंजं, कोंबडा, शिक्का, शेवयांचं गाणं, सगळं घशाशी आलं. या वेळी ते 'बरं' होऊन बाहेर पडलं नाही.

"अरे व्हा ना पुढे!" मी ओरडलो. "कुणीतरी व्हा पुढे! काय मेंढरांसारखे मागे मागे चाललाय? त्या म्हाताऱ्याला एकदा, आयुष्यात एकदा, जोरात जायचंय! आणि ए बुदियार्तो, तू कसला साहेब, तुला एक सायकल पुढे काढता येत नाही? आणि बापाक, तुम्ही! तुम्ही जा ना! कुणाची वाट बघताय? जा!"

साहेबांना एकेरी. वडिलांवर आवाज. मोठ्या रस्त्यावर, सगळ्या शहरासमोर. एवढी शांतता पसरली की कोंबड्याच्या शेपटीतली कामटी करकरलेली ऐकू आली.

वडिलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी शाळेत असताना दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा मला बसता येत नव्हतं. मग त्यांनी मान सरळ केली, आणि हा ओरडणारा गृहस्थ आपल्या ओळखीचा नाही हे जगाला दाखवण्याचा जो एक मार्ग उरला होता, तो त्यांनी पत्करला. ते निघाले.

आधी उभं राहून दोनदा जोरात पायडल मारलं. मग बसले. पंख फडफडले, डावा सुटून रुळापलीकडे गेला, मग उजवा. तुरा उडाला. शेपटीच्या कामट्या एकेक करून रस्त्यावर पडत गेल्या, त्यामागे बू तुतिकचा पंचा. ऐंशीला टेकलेला माझा बाप मला लाजून माझ्यापासून पळत होता, आणि काय पळत होता. साहेब भानावर आले आणि मागे सुटले, त्यांच्यामागे सगळं शहर. पण त्यांना कुणी गाठू शकलं नाही. मी रुळावर बसून बघत होतो. बाजाराच्या पुढे, चिंचेच्या झाडांखाली, ती पिवळी ठिपक्याएवढी आकृती दिसेनाशी होता होता एक हात वर गेला आणि टोपीवर बसला.

उमियाती शेवटच्या घोळक्यात आली. तिने माझं कोपर बघितलं. लग्न झाल्यापासून माझा खरा आवाज आज पहिल्यांदा ऐकला, म्हणाली, बरा आहे. मला तिचाही राग आला.

मी वाकडं चाक ढकलत पूर्वेच्या टोकाला पोचलो तेव्हा रस्ता उघडून मोटारसायकलींनी भरला होता. वडील शाळेच्या फाटकाशी आल्याचा चहा पीत बसले होते, टोपी तिरकी. शेजारी साहेब धापा टाकत होते. वडील त्यांना सांगत होते, "माझा मुलगा आहे. माफ करा. शहराची पोरं वळणाला लावता लावता घरचं राहून गेलं." साहेब म्हणाले, असू द्या, असू द्या, आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना किती राग आला होता ते मला नेमकं कळलं.

गल्लीतही आठवडाभर सगळे माझ्याकडे बघून हसत होते. पाक कुंचोरो पंखाचा एक तुकडा घेऊन आले, बक्षीस कसं हुकलं ते सांगितलं, आणि त्यांचेही सगळे दात दिसत होते. वडील माझ्याशी बोलत नव्हते. मी मनात जळत होतो. ज्याच्यासाठी केलं त्यानेच तोंड फिरवलं, तर माणसाने जायचं कुठे?

पुढच्या शनिवारी वडील अंगणात सायकलीच्या साखळीला तेल घालत होते. ती त्यांनी परत टांगू दिली नव्हती. मी शेजारून जायला लागलो.

"पुढच्या वर्षीही बंद ठेवणार म्हणे," ते साखळीकडे बघत म्हणाले. "मोठा रस्ता."

मी थांबलो. त्यांनी एक कडी पुसली, मग दुसरी पुसली.

"आवाज बसल्यासारखा वाटतो तुझा," वडील म्हणाले. "घसा जपत जा."

मी गल्ली ओलांडून बू तुतिकच्या दारात गेलो आणि आलं-कचोऱ्याच्या काढ्याची मोठी बाटली मागून घेतली.